शनिवार-रविवारचं लग्न

आमच्याकडे पूर्वी लग्न आठवडाभर चालायचं. मांडव, हळद, मेंदी, रतजगा, सांचक, निकाह, वलीमा, चौथी. त्यानंतरही पाच जुमे जावयाला जेवायला बोलवायचं, त्याला जुम्मागी म्हणायचे. पाहुणे एकदा आले की बायका स्वयंपाकघराचा ताबा घ्यायच्या, मुलं गल्लीची होऊन जायची आणि कोण कधी जाणार हे कुणी कुणाला विचारायचं नाही. आता मुंबईचा भाचा शुक्रवारी रात्री गाडीत बसतो आणि सोमवारी सकाळी त्याला कामावर हजर व्हायचं असतं. पुण्याची नणंद सांगते, "रविवारी संध्याकाळी निघेन, मुलांची शाळा आहे." त्यामुळे आठवड्याचं लग्न शनिवार-रविवारात बसवावं लागतं. काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवताना आपण कोण आहोत, हेही ठरत जातं.

माझ्या आपाच्या मुलीचं लग्न 2025 च्या डिसेंबरअखेरीस झालं. आपाचं घर मिरजेत, मुलगा सांगलीचा. आखणीचं काम माझ्याकडे आलं. कारण सरळ होतं. शाळेतलं स्नेहसंमेलन कोण पार पाडतं? मी. पत्रिका कोण लिहिणार? जिला उर्दू आणि मराठी दोन्ही येतं ती. दुल्हाभाईंनी माझ्यासमोर दोनशे पानी वही ठेवली आणि म्हणाले, "लिखो, मॅडम." त्या वहीच्या आधारानेच हे लिहिते आहे.

पहिलं पान तारखेचं. आम्ही मुहूर्त बघत नाही असं आम्ही अभिमानाने सांगतो, पण आमच्याही अडचणी कमी नसतात. मोहरममध्ये बहुतेक घरं लग्न करत नाहीत. सफरचे पहिले तेरा दिवस म्हणजे तेरा तेजी. त्याला शरीअतचा आधार नाही हे मौलाना दरवर्षी सांगतात, तरी घरातली एखादी म्हातारी त्या दिवसांत लग्नाचं नाव काढू देत नाही. रमजानमध्ये वलीमा कसा करणार? हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून हे सगळे महिने दरवर्षी पुढे सरकत येतात. यावेळी रमजान फेब्रुवारीत येणार होता. परीक्षा त्यानंतर. म्हणजे डिसेंबर किंवा जानेवारी.

इथे शेजाऱ्यांचं पंचांग कामाला आलं. मार्गशीर्षात हॉल मिळत नाहीत, मिळाले तर भाडं ऐकून घाम फुटतो. पौष लागला की हिंदू लग्नं थांबतात आणि तेच हॉलवाले स्वतः फोन करतात. 21 डिसेंबरला पौष सुरू होत होता, 25 ला गुरुवारी नाताळची सुट्टी होती. शुक्रवारची एक रजा टाकली की मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना चार दिवस मिळत होते. मी 27 आणि 28 डिसेंबर या तारखांभोवती गोल केला. आपाच्या शेजारच्या काकूंनी कालनिर्णय काढून खात्री केली, "रविवारी एकादशी नाही गं, मंगळवारी आहे." आमच्या घरातलं लग्न, आणि एकादशी पाहिली लिंगायत काकूंनी. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. मिरजेत असंच असतं.

तारीख लवकर ठरवण्याचं आणखी एक कारण होतं. रेल्वेचं आगाऊ आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी मिळायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. महालक्ष्मी एक्सप्रेस नाताळच्या आठवड्यात पहिल्या तासातच भरते. म्हणून पत्रिका छापायच्या कितीतरी आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, मी सगळ्यांना व्हॉट्सअॅपवर कळवलं, "तिकिटं आज काढा, पत्रिका नंतर येईल." दूरच्या पाहुण्याला पत्रिकेआधी तारीख लागते, हे वहीत ठळक लिहून ठेवलं आहे.

दुसरं पान पत्रिकेचं. उर्दू पत्रिका वाचलेल्यांना माहीत असेल, तिच्यात नवऱ्या मुलाचं नाव असतं, बापांची नावं असतात, चश्मबराह म्हणून चाचा-मामूंची रांग असते. मुलीच्या जागी मात्र पुष्कळदा असतं 'दुख्तर-ए-नेकअख्तर'. म्हणजे चांगल्या नशिबाची लेक. नाव नाही. पर्द्याची जुनी रीत, दुसरं काही नाही, असं सांगतात. मराठी पत्रिकेत तिच्यासाठी 'चि. सौ. कां.' लिहितात, पण त्यापुढे निदान नाव असतं. दोन्ही मसुदे मीच लिहीत होते. एकाच मुलीचं लग्न, एका कागदावर तिला नाव आहे आणि दुसऱ्या कागदावर नाही, हे मला लिहवेना. भाची नर्स आहे. तिच्या नावाने दवाखान्यात रोज हाका मारल्या जातात, तिच्या सहीने औषधं निघतात. मी उर्दू मसुद्यात तिचं पूर्ण नाव लिहिलं आणि 'दुख्तर-ए-नेकअख्तर'ही ठेवलं, कारण शब्द सुंदर आहे आणि नावाशी त्याचं भांडण नाही.

मुलाकडच्या एका चाचांनी मसुदा पाहून विचारलं, "लडकी का नाम डालते क्या?" मी म्हटलं, "चाचा, निकाह पढताना काझीसाहेब तिचं नाव सगळ्या मशिदीसमोर घेणारच आहेत. पत्रिकेत घेतलं तर काय बिघडेल?" त्यांनी थोडा विचार केला आणि पत्रिका छापायला गेली. प्रत्येक गोष्टीला विरोध होईलच असं धरून आपण उगाच कंबर कसून बसतो. कधी कधी कारण नीट सांगितलं की माणसं ऐकतात.

तिसरं पान जेवणाचं. खरा पेच तिथे होता.

दुल्हाभाई एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. हाताशी ठेवायला काही रक्कम होती आणि धाकट्या मुलाचं शिक्षण अजून चालू आहे. मुलाकडून हुंड्याचा शब्द कधी निघाला नाही. चांगली माणसं आहेत. पण बोलणीच्या दिवशी त्यांच्याकडून सहज वाक्य आलं, "बराती चारशे के आसपास होंगे. खाना अच्छा रखना, बस." बस म्हणजे हॉल, मंडप, बिर्याणी आणि गोड धरून सव्वादोन लाख रुपये. दुल्हाभाई हो म्हणून आले. रात्री आपाने कपाटातल्या बांगड्या काढून पलंगावर ठेवल्या. सोनेतारण कर्ज कुठे स्वस्त पडतं, याची दोघांची चर्चा सुरू झाली.

मी विचारलं, "हे जेवण आपल्यावर कुणी घातलं?"

"बेटीवाले खिलातेच हैं," आपा म्हणाली. "नहीं तो लोगां क्या बोलेंगे? यतीम की शादी किए बोलेंगे."

आपण ज्याला दीन समजून चालतो त्यातलं कितीतरी खरं म्हणजे रिवाज असतं. निकाहला काय लागतं? इजाब आणि कबूल, म्हणजे एकाने विचारणं आणि दुसऱ्याने मान्य करणं. दोन साक्षीदार. मेहर. जेवणाचं म्हणाल तर सुन्नत आहे ती वलीम्याची, आणि वलीमा नवऱ्या मुलाने द्यायचा असतो. अब्दुर्रहमान बिन औफ यांनी लग्न केल्याचं कळल्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्यांना एका बकरीचा का होईना पण वलीमा करायला सांगितलं, ही हदीस आपल्या मुलांनाही पाठ असते. हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला तो खैबरहून परतीच्या वाटेवर. त्या वलीम्यात गोश्त-रोटी नव्हती. खजूर, पनीर आणि तूप होतं. मुलीच्या बापाने चारशे माणसांना जेवू घालावं असं यात कुठे आलं? 1961 चा हुंडाबंदी कायदा मेहरला हुंडा मानत नाही, तो स्पष्टपणे वेगळा ठेवतो. पण वरातीच्या जेवणाला आपण हुंडा म्हणत नाही म्हणून त्याचं ओझं हलकं होत नाही.

पूर्वी हे ओझं थोडं कमी असायचं, हेही सांगायला हवं. मोठ्या दावतीचं गोश्त स्वस्त असायचं. 2015 मध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून लग्नाच्या देगेत मटण किंवा कोंबडी आली. मटणाचा भाव सगळ्यांना ठाऊक आहे. पाहुण्यांचा आकडा मात्र जुनाच राहिला. बापाचं कर्ज वाढलं ते असं.

भाचीने हे सगळं ऐकलं होतं. ती रात्रपाळी करून आली होती. बांगड्यांकडे बघून म्हणाली, "अम्मी, ये बांगड्यां गिरवी रख के मैं निकली तो मेरे को वहाँ खाना कैसा उतरेगा?" एवढंच बोलली आणि झोपायला गेली. आपाने बांगड्या कपाटात ठेवल्या. दुल्हाभाई म्हणाले, "अब उन लोगां को जा के बोलेगा कौन?"

गेले मी आणि आमचे मोठे मामू. मामूंनी आधीच ठरवलं होतं की वाद घालायचा नाही, हिशेब मांडायचा. सांगली आणि मिरज यांच्यात दहा किलोमीटर अंतर. दोन्ही घरांचे निम्मे पाहुणे सारखेच. तीच चारशे माणसं शनिवारी आमच्याकडे बिर्याणी खाणार आणि रविवारी तुमच्याकडे तीच बिर्याणी खाणार. त्यापेक्षा शनिवारी असरनंतर मशिदीत निकाह, घरासमोरच्या मांडवात साधं जेवण, वरातीला साठ माणसं. रविवारी दुपारी तुमचा वलीमा, मिरज-सांगली रस्त्यावरच्या हॉलमध्ये, आमचे दूरचे पाहुणेही तिथेच येतील. मोठी दावत एकच आणि ती ज्याने द्यायची त्याची.

मुलाचे वडील गप्प बसले. चाचांना ते पटत नव्हतं, त्यांच्या मते साठ माणसं म्हणजे वरात नव्हे, जनाजा. आतल्या खोलीतून मुलाची दादी बाहेर आली. नव्वदीची असेल. तिने विचारलं, "मेरी शादी में कित्ते लोगां आए थे मालूम?" कुणालाच माहीत नव्हतं. "दो बैलगाड्यां," ती म्हणाली, "और गुड का शरबत." मग ती मुलाकडे वळली, "तेरे को लडकी होना की बिर्याणी?" सगळे हसले आणि साठाचे सत्तर करून बोलणी संपली. दादी नसती तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. मसाइल आम्ही मांडले होते, पण काम झालं ते घरातल्या सर्वांत वडील बाईच्या शब्दाने. असं बोलणं करायचं असेल त्यांनी आधी समोरच्या घरातली दादी कोण, हे शोधावं.

यातून शनिवारचं जेवण उभं राहिलं. सत्तर वराती, घरचे पाहुणे, गल्ली, मिळून दोनशे दहा. बावर्चीचा हिशेब असा की किलोभर तांदळात सात-आठ माणसं जेवतात. म्हणजे अठ्ठावीस किलो तांदूळ धरला. बिर्याणीच्या जागी दालचा-खाना ठरवला. डाळ, दुधी, त्यात मटण, सोबत मोकळा भात आणि शेवटी जर्दा. आमच्या बाजूला मिरज-सांगलीकडे दालचा हेच लग्नाचं जुनं जेवण. मधल्या वीस वर्षांत बिर्याणीने त्याला गरिबाचं जेवण ठरवलं. आम्ही ते परत मांडवात आणलं आणि लोकांनी मागून मागून खाल्लं. मटण निम्म्याने कमी लागलं.

आता गल्लीचा प्रश्न. आपाच्या गल्लीत आम्ही आहोत, लिंगायत आहेत, जैन आहेत, दोन मराठा घरं आहेत. तीस वर्षांचा शेजार. त्यांना चूलबंद आमंत्रण द्यायचं, म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, हे आपाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे जुनी पद्धत अशी की हिंदू पाहुण्यांसाठी वेगळा आचारी, वेगळी भांडी आणि वेगळी जागा. आचारी आणि भांडी वेगळी हे मला पूर्ण मान्य आहे. ज्याला जेवायचं आहे त्याचं मन निर्धास्त हवं. काकूंच्याच परसात लिंगायत आचाऱ्याने चूल मांडली. पण जागा का वेगळी? शेजारी लग्नाला येतात, त्यांना चार घरं पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये बसवायचं आणि लग्न इकडे मांडवात, हे काही पटण्यासारखं नाही. मी काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्या ताटात काय आहे ते आम्ही बघू. शेजारच्या ताटात काय आहे ते बघायला आम्ही लग्नाला येत नाही." जैन घरातल्या आजोबांना मात्र अडचण होती, त्यांनी ती मोकळेपणाने सांगितली. त्यांच्यासाठी पंगतीचा तो भाग वेगळ्या वेळी केला.

वेळ तशीही वेगळी लागणारच होती. जैन मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. 27 डिसेंबरला मिरजेत सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. असरची जमात पाचला. निकाह व्हायला वीस-पंचवीस मिनिटं. मग त्यांनी जेवायचं कधी? म्हणून मांडवातली पहिली पंगत साडेचारला बसली. निकाहच्या आधी आणि पूर्ण शाकाहारी. पुरी, बटाट्याऐवजी मटकीची उसळ, कांदा-लसूण न घातलेली डाळ, भात आणि केशरी शिरा. नवऱ्या मुलीच्या लग्नातली पहिली पंगत गल्लीतल्या जैन-लिंगायत शेजाऱ्यांची झाली. शनिवार असल्यामुळे मराठा घरांतले दोघे-तिघेही त्याच पंगतीला बसले. वाढायला दुल्हाभाई स्वतः होते. आजोबांनी निघताना मुलीच्या हातावर नारळ आणि पाकीट ठेवलं आणि तिने त्यांच्या पायांना हात लावायच्या ऐवजी तो हात धरून सलाम केला. दोघांनाही तो पुरला.

बायकांच्या जेवणाचं एक पान वहीत वेगळं आहे. आमच्या लग्नात पुरुषांची पंगत आधी उठते, देग तिकडे उघडते आणि बायकांच्या मांडवात पोचेपर्यंत दालच्यात डाळच उरते. लहान मुलं बायकांकडे असतात, म्हणजे मुलंही उपाशी. यावर भाषण करून उपयोग नाही. मी बावर्चीला सांगितलं, देगा दोन ठिकाणी चढवा. बायकांची देग बायकांच्या बाजूला, तिचा चमचा बायकांकडे. माणसं मोजून तांदूळ वाटून दिला. दोन्हीकडे एकाच वेळी झाकण उघडलं. कुणी काही बोललं नाही, कारण बोलायला जागाच उरली नाही.

शुक्रवारची रात्र रतजग्याची होती. ज्यांना एक रजा मिळाली ते पाहुणे शुक्रवारी सकाळी आले, उरलेले महालक्ष्मीने शनिवारी सकाळी. आपाच्या घरात दोन खोल्या. काकूंनी माडी दिली, जैन आजोबांनी रिकामा गाळा झाडून दिला. मंडपवाल्याकडून चाळीस गाद्या आणि चाळीस रजया आणल्या. कोण कुठे झोपणार हे मी पत्र्याच्या पेटीवर कागद चिकटवून लिहिलं होतं, शाळेच्या सहलीला लिहितो तसं. म्हाताऱ्यांना तळमजला आणि जवळचा संडास. बाळंतीण भाचीला आतली खोली. लोकांनी हसून घेतलं, पण रात्री बारा वाजता गादीसाठी कुणी भटकलं नाही.

रतजग्यावरही थोडं बोलणं झालं. कुणी म्हणालं, ढोलक आणि गाणी जायज नाहीत. कुणी म्हणालं, डीजे लावा, पोरांना मजा येईल. दोन्ही बाजू आपापल्या परीने ठाम. म्हाताऱ्या बायकांनी मार्ग काढला. ढोलक राहील, स्पीकर नाही. दहानंतर स्पीकर लावायला कायद्यानेही बंदीच आहे, त्यामुळे डीजेचा प्रश्न तिथेच संपला. मग दख्खनी गाणी सुरू झाली. समधीणीला चिडवणारी, नवऱ्या मुलाच्या फेट्याची थट्टा करणारी, लेकीला निरोप देणारी. ही गाणी कुठल्या पुस्तकात नाहीत. मी उर्दू शिकवते, मराठी शिकवते, पण आमच्या घरातली बोली या दोन्ही पुस्तकांच्या बाहेर राहिली आहे. खालाजानला सत्तावीस गाणी येतात. त्या रात्री भाचीच्या मैत्रिणीने ती मोबाइलवर रेकॉर्ड केली. एकीकडे गुलगुले तळले जात होते, दुसरीकडे तांदळाच्या पिठाचा रहम बनत होता. लग्नाच्या दोन दिवसांतून रतजगा कापला असता तर तीन तास वाचले असते. तो ठेवला याचं मला समाधान आहे.

आता मेहरचं पान. ते मी सर्वांत शेवटी लिहिलं, पण सर्वांत जास्त वेळ त्यालाच दिला.

सुरुवातीला आकडा आला 786 रुपये. बरकतीचा आकडा म्हणे. सूरह निसाच्या चौथ्या आयतीत बायकांना त्यांचा मेहर खुशीने द्या असा हुकूम आहे. तो तिचा हक्क आहे. सातशे शहाऐंशी रुपयांत आज गॅसचं सिलेंडरही येत नाही. भाचीला विचारलं तर ती म्हणाली, "मेहर-ए-फातिमी ठेवा." पाचशे दिरहम, म्हणजे आपल्या मापाने साधारण 1 किलो 530 ग्रॅम चांदी. तिने हे स्वतः वाचून काढलं होतं. रुपयांत आकडा लिहिला की वीस वर्षांनी त्याची किंमत राहत नाही, चांदी लिहिली की राहते, हे तिचं कारण. मुलगा लगेच हो म्हणाला. निम्मी चांदी लगेच देईन, निम्मी पुढे, असं त्याने स्वतःच सांगितलं.

इथे भाषेच्या मास्तरणीचं काम आलं. मेहर दोन प्रकारचा असतो. जो लगेच द्यायचा तो मुअज्जल, आणि जो पुढे द्यायचा तोही मुअज्जल. उर्दूत लिहिताना पहिल्यात ऐन असतो, दुसऱ्यात वाववर हमजा. पहिला शब्द घाईवरून आला, दुसरा मुदतीवरून. अरबीत उच्चार वेगळे, पण आपल्या तोंडात दोन्ही एकसारखेच निघतात. आणि देवनागरीत लिहिले तर दोन्ही अगदी तंतोतंत एकच. मराठीत छापलेल्या एका निकाहनाम्यात नुसतं 'मेहर मुअज्जल' लिहिलेलं मी पाहिलं आहे. त्यातून ती बाई लगेच मागू शकते की तिने वाट बघायची, हे कुणाला कळणार? एका अक्षराच्या फरकावर बाईचा हक्क टांगलेला राहतो.

मी काझीसाहेबांना विनंती केली की मराठी कागदावर साध्या शब्दांत लिहू या. 'निम्मी चांदी आज दिली. उरलेली निम्मी पत्नी मागेल तेव्हा पती देईल.' त्यांनी आनंदाने लिहिलं. म्हणाले, "उर्दूवालोंने भी ऐसाच लिखना चाहिए." वकील आणि दोन गवाह भाचीकडे इजाजत घ्यायला आले तेव्हा त्यांनी नाव घेऊन विचारलं, मेहर किती, किती आत्ता, किती नंतर, हे सगळं सांगून विचारलं. पूर्वी मुलगी मान खाली घालून बसायची आणि तिचं गप्प राहणं म्हणजे होकार धरायचे. भाचीने मान वर केली, "कबूल है" म्हटलं आणि सही केली. मागच्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. तिचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत ऐकू आला. त्यानंतर मशिदीत खुत्बा झाला, खजूर वाटले गेले.

निकाहनामा झाला की आपलं काम संपलं असं बरेच जण समजतात. महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा 1998 चा कायदा आहे. महापालिकेत नोंदणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग पासपोर्ट असो की बँक, कुठेच अडत नाही. तो अर्ज मी आधीच भरून ठेवला होता. साक्षीदार लग्नाला आलेलेच असतात, त्यांची ओळखपत्रं त्याच दिवशी मागून घ्यावीत. नंतर ती माणसं हातात सापडत नाहीत.

रविवारी सकाळी मुंबईच्या मुलांना काय करायचं असा प्रश्न होता. वलीमा दुपारी. मी त्यांना ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्यावर नेलं. त्याच आवारात किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची मजार आहे. 1937 मध्ये ते गेले. उर्साला इथे गवई हजेरी लावतात. तिथून सतारमेकर गल्लीत गेलो. शिकलगार म्हणजे तलवारींना धार लावणारी माणसं. तलवारींचं काम गेल्यावर ते सतार-तंबोरे बनवायला लागले. आज देशभरातले गायक मिरजेचे तंबोरे नेतात. पंढरपूरकडचा वाळलेला भोपळा, त्यावर लाकूड, त्यावर कोरीव काम. मुंबईचा एक बारा वर्षांचा मुलगा तारेवर बोट ठेवून उभाच राहिला. त्याला त्याच्या आजोळाची ही बाजू माहीत नव्हती. मॉल कुठे आहे असं सकाळी विचारणारा तोच होता.

दुपारचा वलीमा सहाशे माणसांचा झाला, बिर्याणीचा, मुलाच्या ऐपतीप्रमाणे. ज्या वलीम्यात श्रीमंतांना बोलावतात आणि गरिबांना दारात ठेवतात त्याचं अन्न सर्वांत वाईट, अशा अर्थाची हदीस आहे. मुलाच्या वडिलांनी त्यांच्या गल्लीतल्या हमालांना आणि सफाई कामगारांना पत्रिका देऊन, नाव लिहून बोलावलं होतं. ते शेवटच्या पंगतीला नव्हते, मधल्या पंगतीला होते. हे मी वहीत लिहून घेतलं, कारण हे मला सुचलं नव्हतं.

हिशेब सांगायचा तर शनिवारचं जेवण, मांडव, गाद्या, आचारी सगळं धरून 71 हजारांत झालं. बांगड्या कपाटातच राहिल्या. नंतर आपाने त्यातल्या दोन भाचीच्या हातात घातल्या, त्या मोकळ्या होत्या म्हणून.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी येत्या वर्षात लग्न असेल. वही करा. पहिल्या पानावर तारीख लिहाल, दुसऱ्यावर पाहुणे. मेहरचं पान मागे ढकलू नका. ते आधी लिहा, मुलीला विचारून लिहा, आणि असं लिहा की ती स्वतः वाचू शकेल.